घरांत दुसरें कुत्रें येतें तेव्हां

२०२४ सालच्या भाद्रपदांत, अनंतचतुर्दशी होऊन चार दिवस झाले असतील, आमच्या दारीं एकाच मोटारींतून दोघे जण उतरले. एक आमच्या वहिनी आणि दुसरा त्यांचा कुत्रा खंड्या. आमचे वडील बंधु त्याच वर्षीं ज्येष्ठांत साताऱ्यास वारले. त्यांस मूलबाळ नव्हतें. तीन महिने वहिनींनीं त्या मोठ्या घरांत एकटीनें काढले, आणि शेवटीं आमचा आग्रह मान्य केला तो एका अटीवर: खंड्या बरोबर येईल. अट आम्हीं आनंदानें कबूल केली. आमच्या घरीं आधींच एक कुत्रा आहे व त्याचें मत कोणीं विचारलेलें नाहीं, ही गोष्ट त्या वेळीं आमच्या ध्यानींहि आली नाहीं. सारा जन्म शाळेंत घालविलेल्या मनुष्याच्या ती ध्यानीं यावयास हवी होती. वर्ष अर्धें सरल्यावर वर्गांत नवीन मुलगा दाखल झाला म्हणजे पहिल्या बांकावरच्या मुलाचा चेहरा कसा होतो, हें आम्हीं थोडें का पाहिलें आहे?

आम्ही मीरा-भाईंदरांत राहतों. मिठागरें, भातखाचरें आणि वसईची खाडी यांच्या आसपास वसलेल्या कांहीं गांवांची १९८५ सालीं नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत येथें आठ लाखांवर माणसें मोजलीं गेलीं. एवढ्या गर्दींत पाळीव कुत्र्याच्या वांट्याला काय येतें? घराच्या खोल्या, जिना, लिफ्ट आणि सोसायटीचें आंगण. खंड्याला साताऱ्यास परसू होतें, परसांत पेरूचें झाड होतें, आणि दादांबरोबर रोज सकाळीं दूरवर फेरफटका होता. इकडे आमच्या चौथ्या मजल्यावरील चार खोल्यांत पांच माणसें आणि मोती. मोती गांवठी जातीचा; सात वर्षांपूर्वीं एका मुसळधार पावसांत आमच्या नातीनें त्याला भाजीच्या हातगाडीखालून उचलून आणला. तेव्हांपासून स्वयंपाकघराजवळच्या बोळांतली जागा त्याची, आणि तेथें ठेवलेलें जर्मनचें भांडेंहि त्याचेंच.

खंड्या या नांवाला इतिहास आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमाशीं, शाहू छत्रपतींच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. शिकारींत त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें अशी कथा आहे. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत असेंहि लिहिलें आहे कीं, महाराजांनीं आपल्या या आवडत्या कुत्र्यास सनद देऊन जहागीर व पालखीचा मान दिला होता. दादा इतिहासाचे मोठे षोकी. त्यांनीं त्यावरूनच हें नांव ठेविलें. पालखींत बसणाऱ्या त्या मूळ खंड्याविषयीं वाड्यांतल्या इतर कुत्र्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न बखरकारांनीं विचारला नाहीं. आम्हांसहि तो त्या संध्याकाळपर्यंत सुचला नव्हता.

दार उघडलें. मोती नेहमींप्रमाणें उंबऱ्याशीं आला. खंड्या सहा-सात तासांच्या प्रवासानें शिणलेला, तहानलेला. नात म्हणाली, "आजोबा, सोडा ना त्यांना! होतील दोघे मित्र." आम्हीं स्वतःच्या हातानें खंड्याची साखळी सोडली. तो वासाच्या रोखानें सरळ बोळांत गेला आणि त्यानें मोतीच्या भांड्यांत तोंड घातलें. पुढें जें झालें त्याचें वर्णन करण्याजोगें नाहीं. दोन कुत्र्यांचा आवाज बंद बोळांत कसा होतो तें ज्यानें ऐकलें आहे त्यालाच ठाऊक. आमच्या चिरंजीवांनीं मध्यें हात घातला. कोणाचा दांत लागला हें आजतागायत निश्चित झालेलें नाहीं. हात वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुतला, आणि दोन्ही कुत्र्यांना वेळच्या वेळीं लस टोचलेली असतांहि डॉक्टरांकडे जाऊन त्यांनीं सांगितलें तें सर्व केलें. यांत कोणींहि हयगय करूं नये. पिसाळ रोग एकदां दिसूं लागला कीं त्यांतून मनुष्य सहसा वांचत नाहीं.

त्या रात्रीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे दोघे या घरांत राहणार नाहींत. खंड्याला कोठेंतरी चांगल्या ठिकाणीं ठेवूं. खर्च मी करीन." त्यांच्या हाताला पट्टी होती आणि बोलणें वावगें नव्हतें. परंतु चार खोल्यांच्या बिऱ्हाडांत हळू बोलणें ही एक समजूत आहे, याहून अधिक कांहीं नाहीं. सकाळीं पाहतों तों वहिनींची ट्रंक दाराजवळ, तशीच, न उघडलेली. त्या म्हणाल्या, "भावोजी, मला आजची गाडी पाहून द्या. तुमच्या घराची घडी मोडायला मी आलें नाहीं. आणि याला माझ्याखेरीज आतां कोण आहे?"

आमचा अभ्यास संस्कृताचा. ज्यांचें वैर शाश्वत अशा प्राण्यांच्या समासाला पाणिनीनें एकवचन सांगितलें आहे, आणि टीकाकार तेथें साप-मुंगूस, मांजर-उंदीर, कुत्रा-कोल्हा अशीं उदाहरणें देतात. कुत्रा-कुत्रा हें उदाहरण तेथें नाहीं, याचें आम्हांस त्या रात्रीं थोडें समाधान वाटलें होतें. पण लगेच आठवलें कीं, एकाच रूपाचे दोन शब्द जोडावयाचे झाले तर व्याकरण त्यांतला एकच शिल्लक ठेवतें. त्याला एकशेष म्हणतात. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें तरी दुसरें काय होतें?

वहिनींकडून आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि खंड्याला घेऊन पशुवैद्याकडे गेलों. तो तरुण मनुष्य, त्यानें सर्व हकीकत ऐकून घेतली आणि विचारलें, "नव्याची सोय तुम्हीं चांगली पाहिलीत. जुन्याची कोणीं पाहिली?" या एका प्रश्नासाठीं आम्हीं त्याचे ऋणी आहों. घरीं दुसरें कुत्रें आणणारीं माणसें नव्याच्या अंथरुणाची, नव्याच्या खाण्याची, नव्याच्या एकलेपणाची चिंता करतात. ज्याच्या घरांत तें यावयाचें, त्याच्या दृष्टीनें एक परका आला आणि सर्वांचे हात त्याच्या पाठीवरून फिरूं लागले, एवढेंच घडलेलें असतें.

प्रथम त्यानें खंड्याला तपासलें. कानांत गोचीड निघाले. सहा-सात वेगळीं गांवें हिंडलेलें किंवा परसांत वावरलेलें कुत्रें घरांतल्या कुत्र्याजवळ नेण्यापूर्वीं गोचीड, जंत आणि लशी यांचा निकाल लावला पाहिजे. गोचिडांपासून येणारा ताप आपल्याकडे फार आढळतो, आणि लस न टोचलेल्या पिल्लाला डिस्टेंपर किंवा पार्व्हो हे रोग कांहीं दिवसांत संपवितात. मग त्यानें सांगितलें कीं, आठवडाभर दोघांनीं एकमेकांस पाहूं नये. खंड्या वहिनींच्या खोलींत, मोती बाहेर, दार लावलेलें. ज्या फडक्यावर एक निजतो तें रोज दुसऱ्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ ठेवावें, आणि दुसऱ्याचें पहिल्याच्या. कुत्र्याच्या नाकांत वास घेणाऱ्या पेशी वीस कोटींवर, आपल्या नाकांत सुमारें साठ लाख. आपण मनुष्याची ओळख चेहऱ्यानें करून घेतों. त्यांची पहिली ओळख वासानें व्हावी, आणि त्या वासाबरोबर कांहीं चांगलें खावयास मिळावें, हा त्यांतला हेतु. पहिल्या दिवशीं मोतीनें तें फडकें पाहून अंगावरचे केंस उभे केले. चौथ्या दिवशीं त्यानें तें एकदां हुंगलें आणि जेवावयास लागला.

आमच्या कुटुंबाला हा सगळा प्रकार प्रथम खुळचटपणाचा वाटला. पितृपक्ष चालूं होता. श्राद्धाच्या दिवशीं यमाचे जे दोन कुत्रे, श्याम आणि शबल, त्यांच्या नांवानें बलि काढतात, तो दोघांना मिळून एकच पिंड असतो. "यमाचे दोन कुत्रे एका पिंडावर भागवतात, आणि आपल्या या दोघांना दोन खोल्या!" असें त्या म्हणाल्या. यमाच्या घरीं तें चालत असेल. आमच्या घरीं चाललें नव्हतें, हें चिरंजीवांच्या हातावर लिहिलेलें होतें.

आठव्या दिवशीं पहिली भेट. ती घरांत नाहीं, जिन्यावर नाहीं, सोसायटीच्या आंगणांतहि नाहीं. कारण मोतीच्या हिशेबीं आंगण हें घरच. लिफ्टचें तर नांवच नको. चार फुटांच्या पेटींत दोन अनोळखी कुत्रे समोरासमोर उभे करणें म्हणजे भांडण जुळवून देणेंच होय. दोघांसहि परकी, मोकळी जागा हवी. मोकळी जागा आमच्या शहरांत सांपडणें सोपें नाहीं, आणि सांपडली तर तेथें रस्त्यावरच्या कुत्र्यांचा कळप आधींच मालकी सांगत असतो. दोन दिवस पहांटे आम्ही एकटेच जागा पाहत हिंडलों. अखेर भाईंदर पश्चिमेस, मिठागरांच्या बाजूला, पहांटे साडेपांचला रहदारी नसलेला एक रस्त्याचा तुकडा मिळाला. चिरंजीव मोतीला घेऊन पुढें, वहिनी खंड्याला घेऊन वीस-पंचवीस पावलें मागें, मध्यें रस्त्याची रुंदी. दोघांनींहि एकाच दिशेनें चालावयाचें, थांबावयाचें नाहीं. साखळी सैल. हें सैल ठेवणें फार कठीण आहे. मनुष्याच्या मनांत भीति असली कीं हात आपोआप आंवळतो, आणि साखळी ताणली कीं कुत्र्याला कळतें कीं पुढें कांहींतरी भिण्याजोगें आहे. चिरंजीवांचा हात पहिल्या दिवशीं आंवळलेलाच होता. वहिनींचा नव्हता. त्या बंधूंच्या मागें कित्येक वर्षें खंड्याला घेऊन चालल्या होत्या.

पांच दिवस असें चाललें. अंतर पंचवीस पावलांचें पंधरा झालें, पंधराचें पांच. सहाव्या दिवशीं दोघांना बाजूनें वळसा देऊन जवळ येऊं दिलें, तीन आंकडे मोजेपर्यंत हुंगूं दिलें, आणि हांक मारून दूर केलें. समोरासमोर नाकाला नाक लावून उभें करणें हा आपल्या लोकांचा आवडता प्रकार. तो कुत्र्यांच्या रीतीनें उद्धटपणाचा आहे. अंग लांकडासारखें ताठ, शेपूट उंच व स्थिर, नजर रोखलेली, अशीं लक्षणें दिसलीं तर दूर न्यावें. जांभई देणें, ओठ चाटणें, मान वळविणें हीं कुत्र्याच्या "जाऊं द्या" म्हणण्याचीं रूपें आहेत. पुढचे पाय जमिनीस टेकवून मागचा भाग वर केला तर तें खेळाचें निमंत्रण. मोतीनें तें कधींच दिलें नाहीं. त्याचें वय सात, खंड्याचें पांच. दोघेहि शस्त्रक्रिया झालेले नर. आमची अपेक्षा मैत्रीची नव्हती.

येथें एका जुन्या समजुतीबद्दल लिहावेंसें वाटतें. आमच्या सोसायटींतील दोघां-तिघां जाणत्या गृहस्थांनीं सांगितलें, "मास्तर, एकदां त्यांना लढूं द्या. कोण वरचढ तें ठरलें कीं सगळें शांत होतें." या मताला एके काळीं शास्त्राचा आधार होता. रुडॉल्फ शेंकेल यानें १९४७ सालीं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांच्या वर्तनावर निबंध प्रसिद्ध केला, आणि लांडग्यांचा कळप म्हणजे सत्तेसाठीं चाललेली झुंज ही कल्पना पुढें रूढ झाली. अमेरिकेंतील डेव्हिड मेक या संशोधकाच्या १९७० च्या ग्रंथानें ती घरोघर पोंचविली. त्याच मेकनें पुढें रानांतले लांडगे वर्षानुवर्षें पाहिले, आणि १९९९ सालीं आपलें मत स्वतः दुरुस्त केलें: रानांतला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं लहानमोठीं मुलें, दुसरें कांहीं नाहीं. म्हणजे एकत्र कुटुंबच कीं! तेथें वडीलधारीं असतात, पण तीं लढाई जिंकून वडीलधारीं झालेलीं नसतात. झुंज दिसली ती कोंडलेल्यांत. आमचे दोघे रानांतले नव्हेत. चार खोल्यांत कोंडलेले दोन परके. त्यांना लढूं देऊन एक दुखावला असता, दुसरा घाबरट झाला असता, आणि वहिनींची ट्रंक गाडींत चढली असती.

घरांत एकत्र आणलें तें तिसऱ्या आठवड्यांत, दोघेहि चालून दमल्यावर, एकामागून एक. त्याआधीं मोतीचें भांडें, त्याचें हाडूक, नातीनें दिलेला चेंडू, सर्व उचलून ठेविलें. जेवण दोन खोल्यांत, मधलें दार लावून. मोतीला हांक आधीं, पट्टा आधीं, बाहेर नेणें आधीं. त्याची बोळांतली जागा त्याचीच. खंड्याचें अंथरूण वहिनींच्या खोलींत. दोघांना एकटें म्हणून सोडावयाचें नाहीं. आम्ही स्नानास गेलों तरी मध्यें दार. हें पाळतांना घरांतल्या सर्वांना कंटाळा आला. सूनबाई कामावरून दमून येई आणि तिला आपल्याच घरांत तीन दारें उघडून लावावीं लागत. ती एकदांहि बोलली नाहीं, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों.

गुरगुरण्याबद्दल मात्र आमच्या घरीं मोठा वाद झाला. खंड्या बोळाजवळून जातांना मोती गुरगुरला, आणि कुटुंबानें त्याच्या पाठींत केरसुणी घातली. पशुवैद्यानें तें ऐकून कपाळाला हात लावला. गुरगुरणें हा कुत्र्याचा शब्द आहे. तो शब्द मारून बंद केला तर पुढच्या वेळीं तें न बोलतांच चावतें. त्या वेळीं मारावयाचें नाहीं, रागवावयाचें नाहीं. दुसऱ्याला शांतपणें बाजूस न्यावयाचें. आम्हांस महाभारताचा आरंभ आठवला. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पिल्लूं आलें, त्यानें हविष्याकडे पाहिलेंहि नव्हतें, तरी राजाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमेनें येऊन विचारलें, याचा अपराध काय? कोणाला उत्तर देतां आलें नाहीं, आणि तिनें शाप दिला. ही कथा आम्हीं त्या रात्रीं कुटुंबाला सांगितली. त्यांनीं ती निमूटपणें ऐकली व म्हणाल्या, "शाप मिळाला तो राजाला. केरसुणी माझी आहे." परंतु केरसुणी पुन्हां वापरली नाहीं. त्याच आठवड्यापासून मोतीजवळून जातांना त्या भाकरीचा एक तुकडा टाकूं लागल्या, आणि तोहि खंड्या समोर असेल तेव्हांच. हें त्यांना कोणीं सांगितलेलें नव्हतें. परक्याचें येणें आणि तुकडा मिळणें या दोहोंची सांगड मोतीच्या डोक्यांत घालण्याचें जें काम आम्ही पुस्तकांत शोधीत होतों, तें त्यांनीं चुलीपाशीं उभ्या राहून केलें.

सर्व सुरळीत झालें असें समजूं नये. पांचव्या आठवड्यांत दाराची घंटा वाजली, दोघेहि एकदम उंबऱ्याकडे धांवले आणि अरुंद दारांत पुन्हां जुंपली. या वेळीं कोणीं हात घातला नाहीं. सूनबाईनें पाट दोघांच्या मध्यें उभा सरकविला, नातीनें तांब्याभर पाणी ओतलें, आणि एक एक जण एकेकाला घेऊन गेला. रक्त निघालें नाहीं. परंतु त्यानंतर आठवडाभर पुन्हां मिठागरांच्या रस्त्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. पहांटे पांचला त्या साखळी हातांत घेऊन दाराशीं उभ्या होत्या.

आम्हांस वाचकांतून कोणीं विचारील, हें प्रत्येक घरानें करावें काय? आमचें मत असें कीं, जुनें कुत्रें फार म्हातारें किंवा आजारी असेल तर त्याच्या शेवटच्या दिवसांत धांगडधिंगा करणारें पिल्लूं आणूं नये. एकट्याला करमत नाहीं म्हणून सोबत आणावयाची, हेंहि कारण पुरेसें नव्हे; पुष्कळ कुत्र्यांना सोबत माणसांचीच हवी असते. आमच्यापुढें निवड नव्हती. आणि घरांत दोन-चार माणसें वेळ देणारीं नसतीं, तर हें आमच्यानें झालें नसतें हेंहि खरें. पहांटे साखळी धरण्यास दोघे, दुपारीं दार सांभाळण्यास आम्ही, संध्याकाळीं नात. एकट्या-दुकट्या बिऱ्हाडाला तें किती जड जाईल याची आम्हांस कल्पना आहे.

दिवाळी आली. फटाक्यांचा आवाज मोतीला पहिल्यापासून सोसत नाहीं. दरसाल तो आमच्या पलंगाखालीं शिरून थरथरत राहतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं तो तसाच शिरला. थोड्या वेळानें खंड्या आला, पलंगापाशीं थांबला, आणि तेथेंच बाहेरच्या बाजूला पसरला. मोती गुरगुरला नाहीं. तो मोतीचें रक्षण करीत होता असें नात म्हणते. पलंगाजवळची फरशी थंड असते, हें आमचें मत. दोघेहि पहांटेपर्यंत तेथून हलले नाहींत, एवढें मात्र आम्हीं स्वतः पाहिलें, कारण त्या आवाजांत आमचाहि डोळा लागला नव्हता.

कार्तिकांत एके दिवशीं वहिनींनीं विचारलें, "भावोजी, दादांचीं पुस्तकें ठेवायला एक फळी मिळेल का?" ट्रंकेंत लुगडीं थोडीं आणि पुस्तकेंच फार होतीं. आम्हीं सुताराला बोलाविलें.

हें लिहितांना दोघे बोळांत आहेत, मध्यें हातभर अंतर ठेवून. जेवणाचीं भांडीं अजून दोन खोल्यांत ठेवतों आणि मधलें दार लावतों. परवां नात म्हणाली, आतां एकत्र देऊन पाहूं या. कुटुंबानें तिला नको म्हटलें.